जुना फ्लॅट विकताना: राहता दाखवावा, रिकामा, की सजवून?

गेल्या चार वर्षांत आमच्या घरातले दोन फ्लॅट विकले गेले. ताईचा डोंबिवलीचा वन बीएचके रिकामा करून, रंग देऊन. आईचा कोथरूडचा टू बीएचके, आई तिथे राहत असतानाच. दोन्ही वेळी आलेल्यांना घर दाखवायचं काम माझ्याकडे होतं. म्हणून "आधी सामान हलवू की गिऱ्हाईक बघू?" असं कुणी विचारलं की मला मनापासून सांगावंसं वाटतं.

सुरुवात घेणाऱ्याच्या खिशापासून करू. पुण्यात ८० लाखांच्या फ्लॅटला बँक जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ६४ लाख कर्ज देते. राहिलेले १६ लाख त्याच्या पदरचे. वर ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५ लाख ६० हजार (घर फक्त बाईच्या नावावर होणार असेल तर एक टक्का कमी) आणि नोंदणीचे ३० हजार, तेही बहुतेक वेळा पदरचेच. जवळजवळ २२ लाखांची जुळवाजुळव करून माणूस तुमच्या दारात उभा असतो. राहायला आल्या आल्या बाथरूम फोडायची त्याची ऐपत उरलेली नसते. जुना पडदा, उडालेलं सनमायका तो चालवून घेतो. ओल दिसली की मात्र पाय मागे घेतो, किंवा दुरुस्तीच्या दुप्पट रक्कम भावातून कापायला बघतो.

रिकाम्या घराची सोय मोठी आहे. किल्ली एजंटकडे ठेवता येते, गिऱ्हाईक रविवारी सकाळी येवो की ऑफिस सुटल्यावर, कुणाची झोपमोड नाही. रंगाऱ्यालाही सगळ्या भिंती मोकळ्या मिळतात. पण दोन गोष्टी आम्हाला डोंबिवलीला नडल्या. पहिली म्हणजे रिकामी खोली लहान वाटते. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये ५ बाय साडेसहा फुटांचा पलंग ठेवून कपाटाचं दार उघडेल का, हे भल्याभल्यांना नुसत्या नजरेनं कळत नाही. येणारा प्रत्येक जण दारात उभा राहून "खोली लहानच आहे हो" म्हणायचा. शेवटी ताईनं कागदी चिकटपट्टी आणली आणि फरशीवर पलंगाची आणि कपाटाची चौकट आखली. त्यानंतर लोक त्या चौकटीभोवती फिरून बघायला लागले, "इथे पाळणा बसेल" असं आपसांत बोलायला लागले. चाळीस रुपयांची चिकटपट्टी होती ती.

दुसरी गोष्ट वासाची. घर महिनाभर बंद राहिलं की बाथरूमच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या पाईपच्या बाकातलं, पाणी आटतं आणि गटाराचा वास सरळ घरात येतो. झुरळंही त्याच वाटेनं येतात. नवा रंग देऊनही आमच्या घरात शिरताच लोक नाक मुरडत होते, आणि कारण कळायला आम्हाला तीन आठवडे लागले. घर बंद ठेवणार असाल तर दर तीन-चार दिवसांनी प्रत्येक जाळीत, बेसिनमध्ये आणि कमोडमध्ये पाणी ओतायची जबाबदारी कुणावर तरी टाकाच.

राहत्या घराचं बळ वेगळं. आईच्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन ओट्यावर पडायचं. ते पाहिल्यावर पूर्व कुठली, हे कुणाला सांगावं लागलं नाही. पाणी किती वाजता येतं, वरच्या मजल्यावर आवाज होतो का, लिफ्ट बंद पडते का, याची उत्तरं तीस वर्षं तिथे राहिलेल्या बाईकडून मिळतात तेव्हा लोक विश्वास ठेवतात. अडचण होती सामानाची. माळ्यावर पितळेची घंगाळं, जुन्या गाद्या, आमच्या शाळेच्या वह्यासुद्धा. घेणारे माळा उघडून बघतातच. एक तृतीयांश सामान माझ्याकडे हलवलं, गॅलरीतल्या रिकाम्या कुंड्या काढल्या, पांढरे दिवे बदलून सगळे एकसारखे पिवळसर केले. फोटो त्यानंतरच काढले. घरच्यांचे सगळे फोटो उतरवा, असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. मला तो पूर्ण पटत नाही. हार घातलेले आजी-आजोबांचे फोटो आम्ही हॉलमधून आतल्या खोलीत नेले, देवघर मात्र होतं तिथेच ठेवलं. संध्याकाळी दिवा लागलेला असताना आलेल्या माणसांचा आवाज आपोआप खाली यायचा.

सामान हलवताना आईचं सागवानी कपाट भिंतीपासून ओढलं, तेव्हा मागे वीतभर रुंदीचा ओलीचा डाग निघाला. भिंतीपलीकडे बाथरूम. बोट फिरवलं तर पांढरे क्षार बोटाला लागले आणि रंगाचा पोपडा हातात आला. रंगारी म्हणाला, "पुट्टी मारून देतो, दिसणार नाही." चार महिने खरंच दिसलं नसतं. आम्ही आधी प्लंबरला बोलावलं. बाथरूमच्या फरशीचे सांधे पोकळ झाले होते. ते खरवडून इपॉक्सी (पाणी न झिरपणारं भरण) भरलं, भिंत महिनाभर सुकू दिली, मगच त्या खोलीला रंग दिला. एकच भिंत नवी दिसली की संशय येतो, म्हणून चारही भिंती रंगवल्या. प्लंबरचं बिल फाईलमध्ये ठेवलं आणि प्रत्येकाला न विचारता सांगितलं. दोघं तिघं परत आले नाहीत. ज्यांनी घर घेतलं, त्यांच्या आईंनी त्या भिंतीला तळहात लावून पाहिला आणि मग सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा), मालमत्ता कराची पावती असलेली ती फाईल मागून घेतली.

भाड्याचं फर्निचर आणून घर सजवणं हा तिसरा मार्ग. घर नव्या इमारतीत असेल, मालक परदेशात असतील आणि गिऱ्हाईक फोटो बघूनच यायचं असेल, तर तो चालतो. सोफा, जेवणाचं टेबल, पलंग आले की खोल्यांची मापं डोळ्यांना कळतात. पण फर्निचरवाले काही महिन्यांची मुदत आणि डिपॉझिट मागतात, घर विकायला वेळ लागला की भाडं चढत जातं. शिवाय पंचवीस वर्षं जुन्या इमारतीत चकचकीत सोफ्याशेजारी पिवळा पडलेला स्विचबोर्ड जास्तच डोळ्यांत भरतो. बिल्डरांच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये खोल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून आतली दारंच लावत नाहीत, हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. असं सजवलेलं घर ते दोनदा तपासतात.

घरात माणसं राहत असतील आणि सामान आवरता येत असेल, तर मी राहतं घरच दाखवेन. घरात आजारी माणूस किंवा परीक्षेचं मूल असेल तर नाही, रोज अनोळखी चार माणसं घरात घेणं त्यांना सोसत नाही. अंधाऱ्या खोल्या, अवजड जुनं फर्निचर आणि बारा तास घराला कुलूप, अशी स्थिती असेल तर रिकामं करून फिकट रंग द्यावा आणि चिकटपट्टीनं मापं आखावीत. सजावटीचे पैसे नवा सोफा आणण्याआधी नळ, स्विचबोर्ड, दाराच्या कड्या आणि बाथरूमच्या सांध्यांवर घालावेत. पितृपक्षात फारसं कुणी घर बघायला येत नाही. ते पंधरा दिवस आणि त्याआधीचा पावसाळा भिंती तपासायला घ्या, म्हणजे दसऱ्याच्या सुमाराला गिऱ्हाईक यायला लागेल तेव्हा घर तयार असेल.