चिनी लोकांची समग्र विचारशैली मोजण्यासाठी कोणते साधन निवडावे?

चिनी समाजातील विचारशैलीवर प्रबंध लिहू पाहणाऱ्या मानसशास्त्राच्या किंवा व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे पहिला पेच साधनाचा असतो. विषय मनात पक्का झालेला असतो, मार्गदर्शकांची संमतीही मिळालेली असते, पण मोजमाप कशाने करायचे हे ठरत नाही. प्रश्नावल्या, वस्तूंची जोडी लावण्याच्या चाचण्या, रेषा आणि चौकटींचे प्रयोग ही सगळी साधने एकाच नावाखाली वापरली जातात आणि प्रत्येकाच्या पाठीशी प्रतिष्ठित नियतकालिकातील एखादा तरी लेख असतो. या आढाव्यात त्यांपैकी प्रमुख साधने शेजारी शेजारी ठेवून पाहिली आहेत. माझे मत आधीच सांगतो: ही साधने एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत, आणि कोणते साधन चांगले हा प्रश्न आपल्याला व्यक्तींची तुलना करायची आहे की समूहांची, हे ठरल्याशिवाय विचारूच नये.

या क्षेत्रातील बहुतेक काम रिचर्ड निस्बेट, पेंग कायपिंग, इन्चोल चोई आणि आरा नोरेन्झायन या मानसशास्त्रज्ञांच्या २००१ मधील मांडणीवर उभे आहे. त्या मांडणीनुसार समग्र विचारशैली म्हणजे वस्तू किंवा घटना तिच्या भोवतालासकट पाहण्याची, वागण्याची कारणे केवळ माणसाच्या स्वभावात न शोधता परिस्थितीच्या गुंत्यातही शोधण्याची, आजची स्थिती उद्या पालटू शकते हे धरून चालण्याची आणि परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन्ही म्हणण्यांत तथ्य असू शकते असे मानण्याची सवय. याउलट विश्लेषक विचारशैली वस्तूला तिच्या संदर्भापासून सुटी करते, तिचा वर्ग ठरवते आणि त्या वर्गाच्या नियमांवरून अनुमान काढते. या व्याख्येतच लक्ष, कारणमीमांसा, बदलाची अपेक्षा आणि विरोधाचा स्वीकार अशा चार निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढची गुंतागुंत समजते.

सर्वांत सोयीचे आणि म्हणूनच सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे चोई, कू आणि चोई यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेली विश्लेषण-समग्रता मापनी. तिच्यात २४ विधाने आहेत. कार्यकारणभाव, विरोधाविषयीची वृत्ती, बदलाची जाणीव आणि लक्षाचे केंद्र अशा चार उपमापन्यांत प्रत्येकी सहा विधाने असून उत्तरे सात बिंदूंच्या श्रेणीवर घेतली जातात. विश्वातील प्रत्येक गोष्ट कोणत्या ना कोणत्या प्रकारे इतर गोष्टींशी जोडलेली आहे, टोकाला जाण्यापेक्षा मधला मार्ग बरा, आज यशस्वी असलेला माणूस पुढेही यशस्वीच राहील (याचे गुण उलटे मोजले जातात), असे या विधानांचे स्वरूप असते. मूळ अभ्यासात कोरियन प्रतिसादकांचे गुण अमेरिकनांपेक्षा अधिक आले, आणि कोरियातच पारंपरिक वैद्यक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण इतर विद्यार्थ्यांपेक्षा वरचढ ठरले. यांपैकी दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो, कारण एकाच देशातील, एकच भाषा बोलणाऱ्या दोन गटांतील फरक या मापनीने टिपला होता. मात्र ही मापनी कोरियन आणि अमेरिकन प्रतिसादकांवर घडलेली आहे. चीनमध्ये ती वापरताना तिची घटकरचना, म्हणजे विधानांची चार गटांतील विभागणी, तुमच्या नमुन्यात (तुम्ही निवडलेल्या प्रतिसादकांत) टिकते का, हे तपासणे तुमच्यावरच येते.

चिनी प्रतिसादकांसमोर या मापनीला दोन ठिकाणी अडथळा येतो. पहिला उत्तर देण्याच्या पद्धतीचा आहे. ताकेशी हामामुरा, स्टीव्हन हाइने आणि डेलरॉय पॉलहस यांनी २००८ मध्ये असे दाखवले, की पूर्व आशियाई वारशाचे प्रतिसादक मधल्या पर्यायांकडे अधिक झुकतात आणि एखादे विधान व त्याच्या उलट अर्थाचे विधान या दोहोंना होकार देण्याकडेही त्यांचा कल असतो. या प्रवृत्तीचा संबंध विरोध सामावून घेणाऱ्या विचारपद्धतीशीच आहे. म्हणजे जो गुण मोजायचा, तोच गुण मोजपट्टीला हलवतो. उलट गुणांची विधाने मापनीत घातली जातात ती प्रतिसादक न वाचता होकार देत सुटला आहे का हे पकडण्यासाठी, पण ज्याला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते त्याचा दुहेरी होकार हा निष्काळजीपणा नसून प्रामाणिक उत्तर असते. संशोधक मात्र विश्वसनीयतेचा गुणांक (विधाने एकमेकांशी किती जुळतात याचे माप) घसरलेला पाहून अशी विधाने वगळतो आणि ज्या गोष्टीच्या शोधात तो निघाला होता तीच हातची घालवतो. म्हणून चिनी नमुन्यात एखादे उलट विधान इतरांशी जुळत नसेल, तर ते काढण्यापूर्वी काही प्रतिसादकांशी बोलून त्यांनी ते कसे वाचले हे समजून घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

दुसरा अडथळा शाळेतून येतो. मुख्य भूमीवरील चीनमध्ये उच्च माध्यमिक शाळेच्या राज्यशास्त्र विषयात द्वंद्वात्मक भौतिकवाद हे मार्क्सवादी तत्त्वज्ञान शिकवले जाते, आणि सर्व वस्तू परस्परांशी जोडलेल्या आहेत, सर्व काही सतत बदलत असते, विरोध हा वस्तूंच्या मुळाशीच असतो, ही त्यातील पाठ करून परीक्षेत लिहायची सूत्रे आहेत. कार्यकारणभावाच्या उपमापनीतील विधाने या सूत्रांच्या इतकी जवळ जातात, की विद्यार्थ्याचा होकार ही त्याची विचारशैली मानायची की त्याचा अभ्यास, हे मापनी सांगू शकत नाही. हा माझा तर्क आहे, पण केवळ विद्यापीठीन विद्यार्थ्यांवर ही मापनी वापरणाऱ्याने त्याचा विचार जरूर करावा. तैवानमधील नमुन्याशी तुलना करायची असेल तर तो अधिकच करावा, कारण दोन्हीकडचा अभ्यासक्रम वेगळा आहे.

स्वतः चिनी भाषेत आणि चिनी संकल्पनेतून घडलेले साधन हवे असेल, तर तैवानमधील वू च्या-हुई आणि लिन यी-चेंग यांची २००५ मधील चुंगयुंग विचारशैली मापनी आहे. चुंगयुंग म्हणजे कन्फ्यूशियन परंपरेतील मध्यममार्ग. १३ विधानांची ही मापनी अनेक बाजू ध्यानात घेणे, त्यांची सांगड घालणे आणि सुसंवाद राखणे असे तीन घटक मोजते. तिची विधाने विश्वाच्या रचनेविषयी नसून मतभेदाची चर्चा चालू असताना आपण काय करतो याविषयी आहेत, त्यामुळे ती प्रतिसादकाच्या रोजच्या अनुभवाला भिडतात आणि कार्यालयातील वर्तन, गटातील निर्णय किंवा संघर्ष हाताळणे अशा विषयांवर फार उपयोगी पडतात. मर्यादाही तेथूनच सुरू होते. सुसंवाद राखण्यासाठी आपले मत आवरते घेणे ही विचार करण्याची रीत आहे की वागण्याची, याचे उत्तर ही मापनी वेगळे काढून देत नाही. शिवाय स्वतःच्या वागण्याविषयीच्या विधानांना उत्तर देताना माणूस आपल्या आसपासच्या लोकांशी तुलना करतो. तैपेईतील कर्मचारी स्वतःला तैपेईतील सहकाऱ्यांच्या तुलनेत ‘मध्यम’ ठरवतो, शिकागोतील कर्मचाऱ्याच्या तुलनेत नव्हे. हाइने, लेहमन, पेंग आणि ग्रीनहोल्ट्झ यांनी २००२ मध्ये दाखवून दिलेला हा दोष दोन देशांच्या सरासरी गुणांची तुलना पोकळ करून टाकतो. एकाच समाजातील व्यक्तींची तुलना करताना मात्र तो फारसा आड येत नाही.

आता विधानांना होकार-नकार न विचारता माणसाला काही करायला लावणाऱ्या चाचण्यांकडे वळू. त्यांत माझ्या दृष्टीने सर्वांत वरचे स्थान त्रिकूट चाचणीचे आहे. प्रतिसादकाला तीन वस्तू दाखवतात, उदाहरणार्थ आगगाडी, बस आणि रूळ, आणि यांपैकी कोणत्या दोन एकत्र जातात एवढेच विचारतात. आगगाडी आणि बस निवडली तर जोडी वर्गावरून लावली, कारण दोन्ही वाहने आहेत. आगगाडी आणि रूळ निवडले तर जोडी नात्यावरून लावली. मध्ये पेरलेल्या असंबद्ध त्रिकूटांमुळे प्रतिसादकाला हेतूचा सुगावा लागत नाही, काही मिनिटांत चाचणी उरकते आणि नात्यावरून लावलेल्या जोड्यांचे प्रमाण हाच गुण ठरतो. ल्यांग-ह्वांग चिऊ यांनी १९७२ मध्ये तैवानमधील आणि अमेरिकेतील मुलांची अशाच प्रकारे तुलना केली होती, आणि चिनी मुलांचा कल नात्यावरून जोड्या लावण्याकडे दिसला होता.

या चाचणीचे सामर्थ्य चीनच्या आत तुलना करताना कळते. थॉमस टालहेल्म आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बीजिंग, फुजियान, ग्वांगडोंग, युन्नान, सिचुआन आणि ल्याओनिंग येथील १,१६२ हान (चीनमधील बहुसंख्य वांशिक गटातील) विद्यार्थ्यांना घेतले होते. भातशेतीला पाण्याचे सामाईक नियोजन आणि शेजाऱ्यांची मजुरी लागते, गव्हाला तितकी लागत नाही, म्हणून भातप्रदेशातील लोक अधिक समग्र विचार करत असावेत, हा त्यांचा सिद्धान्त होता आणि त्रिकूट चाचणीचे निकाल त्याला अनुकूल आले. उत्तर आणि दक्षिण चीनमध्ये पिकाखेरीज कितीतरी गोष्टी वेगळ्या आहेत, हा आक्षेप त्यावर साहजिकच आला. त्याचे उत्तर टालहेल्म आणि डोंग शियावेइ यांनी २०२४ मध्ये वायव्य चीनमधील निंगशियातील दोन सरकारी शेतांवर शोधले. एक शेत भाताचे, दुसरे गव्हाचे, अंतर केवळ ५६ किलोमीटर, आणि कोणते कुटुंब कोठे जायचे हे सरकारने ठरवलेले. तेथील २३४ शेतकऱ्यांत भात पिकवणाऱ्यांनी नात्यावरून अधिक जोड्या लावल्या. तत्त्वज्ञानाच्या भाषेतील २४ विधाने शेतकऱ्यांपुढे ठेवून हे काम कितपत साधले असते, याविषयी मला शंका आहे. तीन चित्रांतील दोन निवडायला मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकाची गरज लागत नाही.

तरीही त्रिकूट चाचणी निवडणाऱ्याने भाषेकडे दुर्लक्ष करू नये. जी लिजुन, झांग झियोंग आणि निस्बेट यांच्या २००४ मधील अभ्यासात माकड, पांडा आणि केळे यांसारखी त्रिकूटे चिनी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत विचारली होती. मुख्य भूमीवरील आणि तैवानमधील द्विभाषिक विद्यार्थ्यांनी चिनीत विचारले असता नात्यावरून अधिक, तर इंग्रजीत विचारले असता त्या मानाने कमी जोड्या लावल्या. हाँगकाँग आणि सिंगापूरमधील चिनी विद्यार्थ्यांत भाषेने असा फरक पडला नाही. परदेशी विद्यापीठात शिकणारे चिनी विद्यार्थी सहज उपलब्ध आहेत म्हणून त्यांच्यावर इंग्रजीत चाचणी उरकणे म्हणजे निकालात भाषेचा परिणाम स्वतःच्या हाताने मिसळणे होय. चाचणीची दुसरी उणीव अशी, की कसोटीची त्रिकूटे थोडी असल्यामुळे एकेका व्यक्तीचा गुण फार ढोबळ राहतो. समूहाची सरासरी विश्वासार्ह येते, पण त्या गुणावरून अमुक कर्मचारी तमुक कर्मचाऱ्यापेक्षा अधिक समग्र विचार करतो असे म्हणणे धाडसाचे आहे.

दृष्टीच्या प्रयोगांविषयी थोडक्यात लिहितो, कारण निवड करणाऱ्या बहुतेकांना ते परवडणारे नाहीत. शिनोबू कितायामा आणि सहकाऱ्यांची २००३ मधील चौकट-रेषा चाचणी अतिशय देखणी आहे. चौकोनात लटकणारी रेषा दाखवून, वेगळ्या आकाराच्या चौकोनात एकदा तेवढ्याच लांबीची आणि एकदा त्याच प्रमाणातली रेषा काढायला सांगतात, आणि दोन्हींतील चुका मिलिमीटरमध्ये मोजतात. मूळ तुलना मात्र जपानी आणि अमेरिकन लोकांची होती, आणि नंतर इतरत्र झालेल्या प्रयोगांचे निकाल एकसारखे आलेले नाहीत. हॅना चुआ, जूली बोलंड आणि निस्बेट यांनी २००५ मध्ये डोळ्यांच्या हालचाली नोंदवून चिनी विद्यार्थी पार्श्वभूमीकडे अधिक वळतात असे दाखवले. २००९ मध्ये इव्हान्स आणि सहकाऱ्यांना तसा फरक आढळला नाही. सुसज्ज प्रयोगशाळा, अनुभवी मार्गदर्शक आणि मोठा नमुना हाती असेल तरच या वाटेला जावे.

मग दोन-तीन साधने वापरून त्यांची बेरीज केली तर काय बिघडले, असे कोणीही विचारील. जिनक्युंग ना आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये या प्रश्नाचे उत्तर अमेरिकन नमुन्यावर दिले आहे. समूहांच्या पातळीवर ज्या कार्यांत समग्र-विश्लेषक फरक दिसतो, त्याच कार्यांतील एकेका व्यक्तीचे गुण परस्परांशी जवळजवळ जुळतच नाहीत. नात्यावरून जोड्या लावणारी व्यक्ती परिस्थितीत कारणे शोधेलच असे नाही. तेव्हा प्रश्नावली आणि त्रिकूट चाचणी यांचे गुण मिळवून एक निर्देशांक बनवणे हा मोह टाळावा. दोन्ही वापरायची असतील तर निकाल स्वतंत्र मांडावेत आणि ते जुळले नाहीत तर तसे स्पष्ट लिहावे.

प्रत्यक्ष निवडीचे म्हणाल, तर एकाच कंपनीतील किंवा शहरातील चिनी व्यक्तींच्या विचारशैलीचा दुसऱ्या एखाद्या गुणाशी संबंध पाहायचा असल्यास मी प्रश्नावलीच सुचवीन: विषय माणसा-माणसांतील व्यवहाराचा असेल तर चुंगयुंग मापनी, आणि कारणमीमांसा किंवा भविष्याच्या अंदाजाचा असेल तर विश्लेषण-समग्रता मापनी, तीही चारही उपमापन्यांचे गुण वेगवेगळे ठेवून. प्रांताप्रांतांची, शहर आणि खेड्याची किंवा पिढ्यांची तुलना असेल तर त्रिकूट चाचणी घ्यावी. चीन आणि दुसरा देश अशी तुलना करायची असेल तर केवळ प्रश्नावलीच्या सरासरीवर भिस्त ठेवू नये. मापनाची समतुल्यता, म्हणजे मापनी दोन्हीकडे तीच गोष्ट त्याच रीतीने मोजते हे, दोन्ही नमुन्यांत सिद्ध झाली नाही, तर ती सरासरी छापूच नये, असे मी म्हणेन.

दोन्ही प्रकारची साधने एकाच बैठकीत वापरायची असतील तर क्रमही ठरवून घ्यावा. त्रिकूट चाचणी आधी आणि प्रश्नावली नंतर, कारण सर्व गोष्टी परस्परांशी जोडलेल्या आहेत अशा विधानांवर खुणा करून आलेला प्रतिसादक आगगाडीशेजारी रूळ ठेवण्याची शक्यता वाढते.