सात रस्त्याजवळचं पहाटेचं चहाचं हॉटेल, ५ पैकी ४ स्टार
सुपर बाउल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल, आपल्याकडं सोमवारी पहाटे ५ ला, तेवढ्या लवकर उघडं म्हणून इथं बसलो. आल्याचा चहा एक नंबर, उप्पीट मात्र गार, वर शेव दोन चिमूट. मोबाईलवर मॅच चालू अन् आमचा वाद, मोठा कोण, ब्रेडी हा खेळाडू का त्याचा जुना कोच बेलिचिक? मित्र म्हणतोय कोचच, ड्राफ्टमधी, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतेत तिथं, १९९ व्या नंबरला आलेल्या पोराला त्यानंच घडवलं की. मी म्हटलं काय बे, दोघांनी मिळून ६ सुपर बाउल जिंकले खरे, पण ब्रेडी टॅम्पाच्या टीमला गेला अन् पहिल्याच सीझनला फायनलमधी कॅन्सस सिटीच्या टीमला ३१-९ नं हाणलं, इकडं कोचसाहेब २०२३ ला ४ जिंकले, १३ हरले! मालकांनी मधीच विचारलं, हातात धरून पळतेत मग फुटबॉल कशाला म्हणायचं ओ? एक स्टार उप्पिटाचा कापलाय.