सर्व्हर कोसळल्यावर: हाताने रिस्टोअर की स्वयंचलित प्रणाली?
एका पतसंस्थेपुढे प्रश्न आहे: रात्री घेतलेल्या बॅकअपमधून (माहितीच्या राखीव प्रतीतून) सारे हाताने परत आणण्यावर, म्हणजे रिस्टोअरवर, भागवावे, की दुसरीकडे सतत प्रतिकृती ठेवणारे स्वयंचलित सॉफ्टवेअर घ्यावे? पहिल्यात खर्च किरकोळ. मात्र दुपारी ४ वाजता बिघाड झाला, तर दिवसभराच्या नोंदी पुन्हा भरणे आले. दुसऱ्यात नुकसान काही मिनिटांवर येते, पण परवाना व राखीव सर्व्हरचा खर्च कायमचा मागे लागतो, आणि रॅन्समवेअरने (खंडणीसाठी माहिती अडकवणाऱ्या घातक सॉफ्टवेअरने) कुलूपबंद केलेली माहितीही तितक्याच तत्परतेने पलीकडे पोहोचते, म्हणून जुन्या प्रती वेगळ्या ठेवाव्याच लागतात. प्रतीतून माहिती खरेच परत येते का, याची चाचणी कोणालाच चुकत नाही: २०१७ मध्ये गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या संकेतस्थळाचा डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा नेहमीचे बॅकअप निकामी निघाले आणि सुमारे ६ तासांच्या नोंदी गेल्या. कागदी पावत्यांवरून दिवस पुन्हा उभा करता येत असेल, तर पहिला पर्याय पुरे. ऑनलाइन व्यवहार अखंड चालत असतील, तर दुसराच घ्यावा.