दोन मुठींचा पट्टा आणि छातीचा हार्नेस : पाच महिने वापरल्यावर

आमची बर्फी पामेरियन आहे. पांढरीशुभ्र, वजन सव्वाचार किलो. सई नऊ वर्षांची, ओम सहाचा, आणि रोजचं भांडण एकच : तिला फिरायला कोण नेणार. मी धुळ्याला देवपुरात राहते, ब्लाउज शिवते. त्यामुळे कोणतीही वस्तू हातात घेतली की आधी टाका बघते, मग किंमत.

आधी तिच्या गळ्यात साधा पट्टा होता. जानेवारीत गल्लीत मांजर दिसलं, बर्फी धावली आणि ओमने घाबरून दोन्ही हातांनी साखळी मागे खेचली. ती खोकायला लागली, बदक ओरडावं तसा आवाज. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की अशा लहान कुत्र्यांची श्वासनळी नाजूक असते, गळ्यावर ओढ बसली की ती दबते. यांना पट्टा छातीलाच हवा. ओम दोन दिवस तिच्याजवळ गेला नाही. मला ते फार लागलं. मुलाला रागावून कुत्र्यापासून लांब ठेवता आलं असतं, पण मला त्याला तिच्याजवळ परत आणायचं होतं.

आग्रा रोडला लागून असलेल्या एका गल्लीत प्राण्यांच्या सामानाचं छोटं दुकान आहे. दुकानदारांनी वजन विचारून पाकीट पुढे केलं नाही. "कुत्रं घेऊन या," म्हणाले. टेप त्यांनी ओमच्या हातात दिली आणि पुढच्या पायांच्या मागे, जिथे छातीचा घेर सगळ्यात जास्त तिथे, त्याच्याकडूनच माप घेतलं. पंधरा इंच. हार्नेस, म्हणजे छातीला बांधायचं पट्ट्यांचं जाकीट, साडेचारशेला आणि त्याला लावून हातात धरायचा पट्टा तीनशे ऐंशीला पडला. आपोआप गुंडाळणारा पट्टाही होता, तो मी घेतला नाही. त्याची बारीक दोरी सर्रकन सुटली तर मुलांच्या हाताला कापते.

पट्टा पाच फुटांचा आहे. एक मूठ टोकाला, दुसरी मध्यावर. टोकाची माझ्या हातात, मधली मुलाच्या. त्याने घाबरून सोडली तरी कुत्रं माझ्याकडेच राहतं. रस्त्यावर कुत्र्याची जबाबदारी मोठ्या माणसाचीच, आणि तरी पोराच्या हाताला तिची ओढ कळते. मूठ फक्त धरायची, मनगटात अडकवायची नाही, हाताला गुंडाळायची नाही, हे मी पहिल्याच दिवशी पढवलं.

शिलाई चांगली आहे. मुठीच्या जोडाला चौकट आणि तिच्यात फुली, दोरा दुहेरी, पाच महिन्यांत एक टाका उसवला नाही. बक्कल कडक आहे. ओमला ते लावता येतं, पण त्याच्या अंगठ्याने उघडत नाही. मला हेच हवं होतं. लावून झालं की तो पट्टीखाली दोन बोटं घालून बघतो. दोन गेली तर बरोबर, तीन गेली तर सैल.

खोट आहे ती काखेत. हार्नेसच्या जाळीच्या कडेला जी पायपीन, म्हणजे शिवलेली गोट, आहे ती टणक आहे. आठ दिवसांत बर्फीच्या काखेतले केस विरळ झाले, कातडी लालसर दिसायला लागली. मी ती उसवून मऊ सुती कापडाची आडवी पट्टी बसवली. सगळ्यांच्या घरी मशीन नसतं, कंपनीने हे सुधारायलाच हवं.

सुरुवातीला बर्फी हार्नेस बघितला की पलंगाखाली जायची. धरून आणायचं नाही, खाऊ दाखवून बोलवायचं, असं ठरलं. ओमने एकदा भरीत लावलेल्या भाकरीचा तुकडा पुढे केला. सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "तिले देवू नको रे, त्यामा कांदा शे!" खरंच आहे ते. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात. आता कोरड्या चपातीचा नखाएवढा तुकडा असतो, आणि ती स्वतःहून डोकं आत घालते.

एप्रिल-मेमध्ये आम्ही सकाळी सहालाच निघायचो. निघायच्या आधी ओम डांबरावर पालथा हात ठेवून सात आकडे मोजायचा. चटका बसला तर घरी परत. संध्याकाळी आठ वाजताही पांझरेकाठचा रस्ता कधी कधी तापलेला असायचा, मग अंगणातच फेऱ्या. परत आल्यावर हार्नेस काढून पट्ट्यांखाली गोचीड शोधायचं काम सईचं. सापडली तर ओढायची नाही, मला हाक मारायची. मग दोघांनी साबणाने हात धुवायचे.

घरात लहान मूल आणि लहान कुत्रं असेल तर हा जोड जरूर घ्या, फक्त काखेची कड हाताने तपासून घ्या.

गेल्या रविवारी ओमची दोन बोटं आत जाईनात. "आई, घट्ट होतंय तिला," म्हणाला. मी टेप लावली तर सोळा इंच भरले. पट्टी थोडी सैल केली, आणि चपातीचा तुकडा अर्धा केला.