मिठीच्या काठावर वापरलेला पाणी तपासणी संच

कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असल्यामुळे नदीचे पाणी तपासण्याचा एक लहान संच मी मे महिन्यात २,१०० रुपयांना मागवला आणि वर्गात नेण्याआधी मुंबईच्या मिठी नदीवर वापरून पाहिला. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणे हे त्याचे मुख्य काम, आणि ते तो चोख करतो. बुडबुडा राहू न देता बाटली पाण्याखालीच भरायची, पहिली दोन द्रावणे घालून बूच लावायचे आणि हलवायचे. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. पुढे आम्ल आणि स्टार्च घालून निळा रंग जाईपर्यंत शेवटच्या द्रावणाचे थेंब मोजायचे, एक थेंब म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम. आंघोळीच्या पाण्यासाठी सरकारी निकष किमान ५ मिलिग्रॅमचा आहे.

ऑगस्टमध्ये विहार तलाव भरून वाहू लागल्यावर फिल्टरपाड्याजवळ भरलेल्या बाटलीत साका चांगला तपकिरी बसला. कुर्ल्याला मात्र, मे महिन्यातल्या काळ्या पाण्यात, तो पांढरटच राहिला आणि तोही ओळखायला पाच मिनिटे लागली. कुजक्या अंड्यांचा वास येणाऱ्या पाण्यातले सल्फाइड या चाचणीत ढवळाढवळ करते, याबद्दल पुस्तिकेत अवाक्षर नाही. भरती-ओहोटीचाही उल्लेख नाही. माहीमला भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी आत शिरते, त्यामुळे एकाच जागी सकाळी आणि दुपारी वेगळे आकडे आले, आणि त्यातला नदीचा कोणता हे ज्याचे त्याने ठरवायचे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्यापासून मिठी रुंद झाली, खोल झाली, तिला संरक्षक भिंती आल्या. विहार-पवईच्या सांडव्यापासून माहीमपर्यंतच्या जेमतेम १८ किलोमीटरांत पाण्याला हात लागेल अशा जागा म्हणूनच मोजक्या उरल्या आहेत. संचासोबत लांब दांडा हवा होता. बादलीने ओढलेल्या पाण्यात हवा मिसळते आणि आकडा उगाच सुधारतो (अहवालांसाठी सोयीचे असेल, तपासणीसाठी नाही).

स्टार्चचे द्रावण आपल्या उकाड्यात लवकर बुरसते, ते फ्रिजमध्ये ठेवावे. खोक्यावर ‘नदीचे संपूर्ण आरोग्य’ असे छापले असले तरी मैल्यातल्या जिवाणूंची चाचणी आत नाही, आणि मिठीचे खरे दुखणे तर प्रक्रियेविना सोडलेले सांडपाणी हेच आहे. तरीही अकरावीच्या मुलांनी साक्याचा रंग स्वतः पाहावा म्हणून मी आणखी दोन संच मागवले आहेत.

वापरलेली द्रावणे भरपूर पाण्यासोबत मोरीत ओतावीत, असे पुस्तिका सांगते. आमच्या इमारतीची मोरी शेवटी कुठे जाते हे मला ठाऊक असल्याने ती बरणी अजून प्रयोगशाळेच्या कपाटातच आहे.