आईचा वाचनालयातला साक्षरता वर्ग: अकरा महिन्यांनंतर

गेल्या जुलैत आईचं नाव आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयातल्या साक्षरता वर्गात घातलं. आई बासष्टची आहे. तेव्हा तिला फक्त सही यायची, तीही अक्षरं ओळखून नव्हे, तर रांगोळीचे ठिपके जोडावेत तशी हाताच्या सवयीनं. आता अकरा महिने झाले. मधे चाचणी झाली, निकाल लागला, प्रमाणपत्र आलं, आणि तरीही आईचं वाचनालयात जाणं थांबलेलं नाही. खरं तर याच गोष्टीसाठी मी हे लिहायला घेतलंय.

माझं झेरॉक्सचं दुकान तहसील कचेरीच्या वाटेवर आहे. "एवढा फॉर्म भरून द्या की," म्हणणारं रोज कुणीतरी येतं. गल्ल्याशेजारी शाईचं पॅड कायम असतं. इतकी वर्षं दुसऱ्यांचे फॉर्म भरले, पण घरातलं माणूस वाचायला शिकू शकेल हे माझ्या मनातही आलं नाही, याचं मला वाईट वाटतं. ग्रंथपाल ताई वर्गाच्या पत्रकाच्या प्रती काढायला आल्या, तेव्हा आई दुकानात बसली होती. ताईंनी एक पत्रक तिच्याच हातात दिलं. "मावशी, येणार का?" आई म्हणाली, "आता या वयात शिकून काय करू?" पण पत्रक घडी घालून पिशवीत ठेवलं. रात्री जेवणं झाल्यावर ते माझ्यापुढे धरलं. "काय लिहिलंय, सगळं वाच." मी वाचलं. "किती वाजता म्हणालास?"

आमचं वाचनालय 'ब' वर्गाचं, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारं. वर्ग मात्र केंद्राच्या 'उल्लास' योजनेतला, म्हणजे नव भारत साक्षरता कार्यक्रमातला. ही योजना २०२२ ते २०२७ अशी पाच वर्षांची आहे. पंधरा वर्षांपुढच्या कुणालाही नाव नोंदवता येतं, फी नाही. शिकवणारे स्वयंसेवक असतात, त्यांना मानधन नसतं. हे वर्ग कुठे शाळेत चालतात, कुठे कुणाच्या ओसरीवर. आमच्या ताईंनी त्यासाठी बालविभागाची खोली दिली, दुपारी तीन ते साडेचार. शिकवायला बी.ए.ला असलेली एक मुलगी आहे. वर्गातल्या सगळ्याजणी तिला 'बाई' म्हणतात आणि ती त्यांना मावशी, आजी म्हणते.

पहिले दीड महिने फार निराशेचे गेले. आई घ आणि ध मधे अडकायची, भ आणि म मधे अडकायची. आज वाचलेलं उद्या येईना. "माझ्या डोक्यातच राहत नाही," असं म्हणून दोन दिवस गेलीच नाही. मग एकदा बाईंनी पाहिलं की आई प्रवेशिका, म्हणजे वर्गाचं अक्षरओळखीचं पुस्तक, घेऊन दारातल्या उन्हाला गेली आणि हात लांब करून वाचायला लागली. तिला अक्षरं आठवत होती, दिसत नव्हती! ताईंनी ओळखीच्या डॉक्टरांना बोलावून डोळे तपासून घेतले. अकराजणींपैकी सातजणींना जवळचा चष्मा लागला. चष्मा आल्यावर आईनं चार दिवसांत मागचं सगळं भरून काढलं. घरातल्या कुणाला अशा वर्गाला पाठवणार असाल तर वही-पेन्सिलीच्या आधी चष्म्याचं बघा.

हरिपाठाची गोष्टही सांगायला हवी. आईला हरिपाठ तोंडपाठ आहे. सप्टेंबरात तिनं वर्गात पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवून पानभर घडाघडा म्हणून दाखवलं. सगळ्याजणींनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या, पण नंतर जवळ बसून हातरुमालानं ओळ झाकली आणि मधला एकच शब्द उघडा ठेवला. "आजी, हा कोणता?" आई गप्प झाली. मग ओळ सुरुवातीपासून मनात म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत आली आणि तो सांगितला. बाईंनी तिला लाजवलं नाही. रोज रुमाल सरकवत शब्द बदलत राहिल्या. पंधरा-वीस दिवसांनी आई सुरुवातीकडे न जाता थेट शब्द सांगायला लागली. पाठ असलेल्या ओळीतून अक्षर सुटं कसं करायचं, हे त्या मुलीला कुणी शिकवलं होतं की नाही मला माहीत नाही, पण तिच्या त्या रुमालाचे माझ्यावर उपकार आहेत.

'र' नं मात्र सगळ्यांना दमवलं. सूर्य, चक्र, राष्ट्र, दऱ्या, प्रत्येक ठिकाणी तो वेगळा वेष घेऊन येतो. आणि एक तक्रार अशी की प्रवेशिकेतला मराठी वळणाचा 'ल' आणि मोबाइलवर दिसणारा 'ल' सारखा नाही, 'श'चंही तेच. शाळेत शिकलेल्या माणसाला हा फरक जाणवतसुद्धा नाही. आईनं मात्र नातवाचा मेसेज हातात घेऊन विचारलं, "हे कोणतं अक्षर, हे तर बाईंनी शिकवलंच नाही." तसंच आकड्यांचं. वर्गात मराठी आकडे पक्के झाले, पण औषधाच्या पाकिटावर, फोनवर, गॅसच्या पावतीवर इंग्रजी आकडे. हे दोन्ही पहिल्या महिन्यापासून शेजारी शेजारी शिकवायला हवेत असं माझं ठाम मत झालंय.

वर्ग वाचनालयात असण्याला मी इतकं महत्त्व का देतो, त्याला घरचं कारण आहे. १९५९ साली आमच्या सातारा जिल्ह्यातच ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, त्या मोहिमेत कंदिलाच्या उजेडात लिहा-वाचायला शिकली होती. गावानं समारंभ केला, वाजतगाजत मिरवणूक निघाली, असं ती सांगायची. पण मी शाळेत जायला लागलो तेव्हा आजी पोस्टातल्या पैशांसाठी अंगठाच लावत होती. घरात वाचायला होतं काय? भिंतीवरचं कॅलेंडर, तेवढंच. शिकवणारे गेले, पुस्तकं नव्हती, आणि दहा-पंधरा वर्षांत सगळं पुसलं गेलं. आईचं तसं होऊ नये, एवढीच माझी धडपड आहे.

चाचणी मार्चमधे, एका रविवारी जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. राज्यात ही चाचणी पहिल्यांदा १७ मार्च २०२४ ला झाली होती. एकूण १५० गुण, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५० चे. प्रत्येक भागात ३३ टक्के मिळायला हवेत. वेळ तीन तास, आणि दिवसभरात आपल्या सोयीनं जाता येतं, हे फार चांगलं आहे. आई सकाळची भाकरी करून गेली. बाहेर नातू थांबला होता, तिच्या शाळेच्या दाराबाहेर! आई उत्तीर्ण झाली. प्रमाणपत्र दुकानात लावूया म्हटलं तर नको म्हणाली, कपाटात ठेवलंय.

पण चाचणीची पेपर तपासणी होऊन निकाल लागला की योजनेच्या हिशेबात माणूस साक्षर झाला. आमच्या ताईंना ते पटत नाही. केरळातल्या पी. एन. पणिक्करांचं नाव त्या नेहमी घेतात. १९४५ मधे त्यांनी तिथल्या वाचनालयांना एकत्र आणलं आणि पुढे गावोगावी साक्षरतेचं काम याच वाचनालयांमधून उभं केलं. त्यांचा स्मृतिदिन, १९ जून, तिथे वाचन दिन म्हणून पाळतात. ताईंनी एप्रिलपासून दर मंगळवारी त्याच खोलीत त्याच वेळी 'वाचन बैठक' सुरू केली. प्रत्येकीनं एक पान मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. अकरापैकी आठजणी येतात.

अडचण पुस्तकांची आहे. बारा-पंधरा हजार पुस्तकांच्या वाचनालयात नुकतंच वाचायला लागलेल्या मोठ्या माणसासाठी एक कप्पासुद्धा भरत नाही. बालविभागातली पुस्तकं अक्षरानं ठीक, पण एक मावशी स्पष्ट म्हणाल्या, "चिमणी-कावळ्याचं मी नातवाला सांगते, मला माझं द्या." नॅशनल बुक ट्रस्टच्या नवसाक्षर साहित्यमालेतली थोडी पुस्तकं होती, ती सगळ्यांची दोनदा वाचून झाली. मग प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वरच्या मराठी गोष्टी आम्ही शोधल्या. त्या मुक्त परवान्याच्या आहेत आणि पातळीनुसार लावलेल्या आहेत, त्यामुळे मी दुकानात मोठ्या टाइपात छापून, पिन मारून देतो. त्याही मुख्यतः मुलांसाठीच आहेत, पण पाण्याच्या, शेतीच्या, प्राण्यांच्या माहितीच्या गोष्टी बायकांना आवडल्या. रंगनाथनांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यात 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' हा एक आहे. ताईंच्या टेबलामागे तो लिहिलेला आहे. माझ्या आईचं पुस्तक अजून लिहिलं जायचंय, असं मला वाटतं.

निदान एक तरी पान तिचं स्वतःचं झालं. फेब्रुवारीत बाईंनी सगळ्याजणींना जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावल्या आणि मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. आधी ताईंनी हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पातल्या काही ओव्या ऐकवल्या होत्या. त्यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखभर ओव्या गोळा केल्यात, हे ऐकून आमच्या बायका चकितच झाल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी प्रत्येकीची ओवी ड्रॉइंगच्या कागदावर स्केचपेननं मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावली. आपली कोणती ते आपणच शोधायचं. आईनं शोधली, बोट फिरवत वाचली आणि थांबली. "बाई, मी 'बंधवा' म्हणाले होते. तुम्ही 'भावा' लिहिलंय." बाईंनी रेकॉर्डिंग लावून बघितलं. आईचं बरोबर होतं. बाईंनी खोडून तिच्यासमोर 'बंधवा' लिहिलं. लिहिलेलं चुकीचं असू शकतं आणि आपण ते दुरुस्त करायला सांगू शकतो, हे त्या दिवशी आईला कळलं. घरी आल्यावर तिनं ही हकीकत तीनदा सांगितली.

आता खटकलेल्या गोष्टी. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन झाला. वर्गातल्या पाचजणी वाचून दाखवणार होत्या, आठ दिवस तयारी केली होती. आधी स्वागत, मग सत्कार, मग भाषणं. दोन तास मागच्या सतरंजीवर बसून राहिल्या आणि वेळ संपला म्हणून कार्यक्रम आटोपला. वर फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला, खाली 'निरक्षर महिला' असं लिहून. वर्गातल्या एका मावशींच्या मुलीच्या सासरी तो पोचला. त्या मावशी पुन्हा वर्गाला आल्या नाहीत. हे नुकसान कशानंही भरून येणारं नाही. मी वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला लेखी पत्र दिलं, आणि त्यांनी ऐकलं हेही सांगायला हवं. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला आधी वाचन झालं, मग एकच छोटं भाषण, आणि विचारल्याशिवाय कुणाचा फोटो नाही.

वेळही सगळ्यांना सोयीची नाही. खुरपणी आणि कांदा लागवडीच्या दिवसांत निम्मा वर्ग रिकामा असतो. पुरुष एकही नाही. माझ्या दुकानात अंगठा लावणारे पुरुष कितीतरी आहेत, पण दिवसाढवळ्या बायकांच्या वर्गात बसायला ते धजत नाहीत. त्यांच्यासाठी रात्रीची वेळ हवी, आणि रात्री वाचनालय उघडं ठेवायला माणूस हवा. ते अजून जमलेलं नाही.

आई अजून वर्तमानपत्र वाचू शकत नाही. मथळे वाचते, खालचा बारीक मजकूर आणि जोडाक्षरांची गर्दी तिला दमवते. पण गेल्या महिन्यात पुण्याला बहिणीकडे निघालो, तेव्हा स्टँडवर मी तिकिटाच्या गडबडीत होतो. आई फलाटावरून हाक मारत आली. "अरे चल, स्वारगेट आहे. पुढे काहीतरी वि-ना-थां-बा लिहिलंय." आत्तापर्यंत ती दर गाडीला "ही पुण्याची का हो?" विचारत हिंडायची आणि कुणी ना कुणी वस्सकन अंगावर यायचं.

वर्गणी आणि अनामत भरून तिला वाचनालयाचं सभासद केलंय. अर्ज तिनं स्वतः भरला, पाऊण तास लागला. देवघेवीच्या नोंदवहीत पुस्तकाचं नाव ती स्वतः लिहिते. सोमवारी पुस्तकातली शिक्क्याची तारीख बघून म्हणाली, "उद्या परत द्यायचंय, आणि माझी चार पानं राहिलीत. ताईंना विचार, वाढवून मिळेल का." मग थोड्या वेळानं म्हणाली, "राहू दे, मीच विचारते."