रानभाज्यांचा ब्लॉग स्वतःच्या होस्टिंगवर : पाऊण वर्षानंतरचा अनुभव

२०२५च्या मार्चमध्ये माझा रानभाज्यांचा ब्लॉग मी ब्लॉगर या गूगलच्या फुकट सेवेवरून उचलला आणि शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेक साइट्सच्या सामायिक सर्व्हरवर भाड्याची जागा घेऊन वर्डप्रेस या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर नेला. मधे एक अख्खा पावसाळा गेला, म्हणजे या विषयाचा खरा हंगाम, त्यामुळे आता त्यावर बोलायला हरकत नाही. निकाल आधीच सांगते. मी परत जाणार नाही. पण ज्या कारणासाठी सगळे 'जा, जा' म्हणतात, ते कारण मला अजूनही पटलेलं नाही.

ते कारण म्हणजे मालकी. भाड्याच्या घरात किती दिवस राहणार, स्वतःचं बांध, हा दाखला जो तो देतो. अहो, होस्टिंग तरी काय, भाड्याचंच की! डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःचा पत्ता, तोसुद्धा वर्षाच्या बोलीनेच मिळतो. बंद पडलेल्या सेवांची यादी मलाही पाठ आहे : २००९मध्ये अमेरिकेतलं जिओसिटीज, २०१३मध्ये पोस्टरस, २०१९मध्ये गूगल प्लस आणि आता २०२५च्या सप्टेंबरअखेर टाइपपॅड. ब्लॉगर गूगलने २००३मध्ये विकत घेतलं, आणि ते आज गुंडाळतात की उद्या, ही चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. पण मी जपून ठेवलेले जुने मराठी दुवे उघडून पाहिले, तर चित्र उलटंच निघालं. २००८-१०च्या लाटेत सुरू झालेले ब्लॉगस्पॉटवरचे (ब्लॉगरच्या फुकट पत्त्यावरचे) ब्लॉग, ज्यांच्याकडे लिहिणाऱ्यांनी नंतर फिरकूनही पाहिलेलं नाही, ते बिनबोभाट उघडतात. हौसेने स्वतःचं डोमेन घेणाऱ्यांपैकी बरेच गायब. नूतनीकरण राहून गेलं आणि त्या पत्त्यावर आता कुठे रमीची जाहिरात, कुठे सट्ट्याची. आपल्यामागे लिखाण टिकावं एवढीच इच्छा असेल, तर फुकटची सेवा सध्या तरी जास्त भरवशाची दिसते.

मग मी हलवला कशासाठी? एकेका भाजीला चार-चार नावं आहेत म्हणून. टाकळा विदर्भात तरोटा होतो. कोणी करटोली म्हणतं, कोणी कंटोळी, कोणी काटवल. ब्लॉगरमध्ये वर्गीकरणासाठी हातात फक्त लेबलं असतात. भाजीचं नाव, महिना, जिल्हा, पान खायचं की फूल की कंद, सगळं एकाच ढिगात. वर्डप्रेसमध्ये मी या चार गोष्टींचे चार वेगळे गट केले. आता 'आषाढ' आणि 'पालेभाजी' असं निवडलं की तेवढंच पुढे येतं, आणि शोधात 'तरोटा' लिहिलं तरी टाकळ्याचं पान उघडतं. शेवळाच्या पानावर सगळ्यात वर एक ठळक चौकट आहे : काकडं ही रानफळं घातल्याशिवाय ही भाजी करू नका, घसा खाजतो. अशी चौकट आता प्रत्येक खाजऱ्या भाजीला एकदाच ठरवून आपोआप लागते. माझ्या कामाला याचा जो उपयोग झाला, त्यापुढे बाकीचे फायदे किरकोळ आहेत.

वर्डप्रेसचा मूळ शोध मात्र मराठीला अपुरा पडतो. तो अक्षरं जशीच्या तशी जुळवतो. 'भाजी' शोधलं तर 'भाज्या' सापडत नाहीत. त्यासाठी वेगळं प्लगिन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, लावून त्याला समानार्थी शब्दांची यादी भरवावी लागली.

दुव्यांची गंमत दोन्हीकडे आहे. ब्लॉगरला मराठी शीर्षक दिलं की ते पत्त्यात उतरतच नाही. तिथे 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा येतो. वर्डप्रेस देवनागरी घेतं, पण आतमध्ये प्रत्येक अक्षराची टक्क्यांच्या चिन्हांची माळ करतं. अक्षराला नऊ जागा लागतात, मात्रेला वेगळ्या नऊ, आणि एकूण जागा २००. म्हणून 'पहिल्या पावसातली फोडशीची भाजी' असं शीर्षक दिलं तर पत्त्यात 'पहिल्या-पावसातली-फोडशीची' एवढंच उरतं. भाजी गळाली! शिवाय तोच दुवा व्हॉट्सॲपवर चिकटवला की वीतभर लांब होतो. दोन्हीकडे उपाय एकच : पत्ता रोमन अक्षरांत हाताने, लहानसा लिहायचा. इथे फक्त जुने पत्तेही मागाहून सुधारता आले आणि आधीचे दुवे नव्यांकडे वळवता आले.

दिसण्याबद्दल थोडक्यात. बहुतेक तयार थीम, म्हणजे साइटच्या रूपाचे साचे, रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या असतात. ओळींमधलं अंतर कमी, त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. आणि मथळ्याला अक्षरांमधलं अंतर वाढवून दिलेलं असेल तर शिरोरेघ तुटते, तोंडातले पुढचे दात पडल्यासारखा शब्द दिसतो. ते अंतर शून्य केलं, ओळीचं अंतर वाढवलं, मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांचा 'मुक्त' फॉन्ट लावला. एका संध्याकाळचं काम.

आता त्रास. आषाढात कोणीतरी टाकळ्याचं पान कुठल्याशा मोठ्या ग्रुपवर टाकलं आणि भर दुपारी साइटवर ५०८ क्रमांकाची चूक झळकायला लागली. म्हणजे स्वस्त प्लॅनमध्ये ठरवून दिलेली प्रोसेसरची आणि मेमरीची मर्यादा संपली. कंपनीच्या चॅटवर उत्तर एकच : वरचा प्लॅन घ्या. घेतला नाही. कॅशिंगचं, म्हणजे पानाची तयार प्रत ठेवून तीच दाखवणारं प्लगिन लावलं, फोटो वेबपी या हलक्या प्रकारात बदलले, आणि श्रावणात तेवढीच गर्दी त्याच प्लॅनने निभावली. ब्लॉगरवर असताना 'गर्दी' हा शब्द या अर्थाने मला माहीतच नव्हता.

दुसरं प्रकरण रात्रीचं. कंपनीने परस्पर पीएचपीची, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची, आवृत्ती बदलली आणि पाककृतीचं एक जुनं प्लगिन त्यावर कोसळलं. पानाच्या जागी गंभीर चूक झाल्याची एक ओळ. अशा वेळी वर्डप्रेस दुरुस्तीचा दुवा ईमेलने पाठवतं, तो स्पॅममध्ये जाऊन पडला होता. शेवटी सीपॅनेल या होस्टिंग सांभाळायच्या पानावरच्या फाइल मॅनेजरमधून प्लगिन्सच्या फोल्डरात शिरले, त्या प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदललं, आणि साइट परत उभी राहिली. काम दोन मिनिटांचं, पण ते माहीत असायला हवं आणि रात्री अकरा वाजता करायची तयारी हवी. ज्यांना ती नाही त्यांनी या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. लॉगिनचं पान ठोठावणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, तर रोजचेच. त्यांच्यासाठी प्रयत्नांवर मर्यादा आणि दोन टप्प्यांचं लॉगिन, एवढं पुरतं. बॅकअप कंपनी घेते म्हणून निर्धास्त राहू नका. मी दर आठवड्याची प्रत गूगल ड्राइव्हवर टाकते.

खर्चात पहिल्या वर्षाचा दर बघून हुरळून जाऊ नका. तो बहुधा तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तरच असतो, नूतनीकरणाचा दर दुपटीच्या पुढे जातो, आणि वर १८ टक्के जीएसटी.

माझी एक मैत्रीण कविता लिहिते, तिने विचारलं तेव्हा मी सरळ ब्लॉगर सांगितलं. कवितेला गट लागत नाहीत, शोध लागत नाही. फक्त पहिल्या दिवसापासून स्वतःचं डोमेन जोड म्हटलं. ब्लॉगर त्याचे पैसे घेत नाही, एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणीही फुकट देतं, खर्च काय तो डोमेनचा. माझं डोमेन आधीपासून जोडलेलं होतं, म्हणून तर घर बदललं तरी वाचकांचे जुने दुवे तुटले नाहीत. आणि ते डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. भाच्याने हौसेने आपल्या खात्यावर घेऊन दिलं, आता भाचा जर्मनीत आणि कुठल्या कंपनीकडे घेतलं होतं तेही त्याला आठवत नाही, असली उदाहरणं ओळखीत आहेत.